वहीची मागची पाने

माझ्या सासूबाई साडेतीन वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्या काळात आमच्या घरी एक दोनशे पानी वही असे. एक भरली की दुसरी, अशा एकूण पाच वह्या झाल्या. पुढच्या पानांवर त्यांची शुश्रूषा करणाऱ्या बाई नोंदी करीत: किती वाजता कोणत्या कुशीवर वळवले, किती पाणी पोटात गेले, लघवी किती झाली, तिचा रंग कसा होता, ताप आला का. बाईंचे शिक्षण सातवीपर्यंतचे, पण अक्षर स्वच्छ आणि वेळा अचूक. तीच वही उलटी करून मागच्या पानांवर मी लिहीत असे, आणि तिथे एकच गोष्ट असे: बाईंचे खाडे. महिन्याच्या अखेरीस मागच्या पानावरून पगाराचा आकडा ठरे. पुढच्या पानांवरून तो कधीच ठरला नाही.

या वह्या मी जपून ठेवल्या आहेत, आणि स्त्री-पुरुष समानतेबद्दल कोणी बोलू लागले की मला हल्ली त्या आठवतात. कारण आमच्या घरातली समानता या वहीच्या मागच्या पानांवर उभी होती, हे मला फार उशिरा कळले.

ऑगस्ट २०१८मध्ये सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टरांनी विचारले, "घरी कोण असतं?" खोलीत आम्ही चौघे उभे होतो: माझे पती, दीर, जाऊबाई आणि मी. चौघांनाही नोकरी होती. तरी सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, आणि कोणी काही म्हणायच्या आतच मी म्हणाले, "मी असेन." माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. मला तो प्रश्न माझ्यासाठीच आहे असे वाटले, आणि उरलेल्या तिघांनाही तसेच वाटले. ही वाटण्याची सवय इतकी जुनी आहे की तिच्यासाठी कोणाला आवाज चढवावा लागत नाही.

मी चार महिने बिनपगारी रजा घेतली. एका खाजगी संस्थेच्या हिशेब विभागात मी सोळा वर्षे काम केले होते, त्यामुळे तासांचा आणि पैशांचा हिशेब मांडणे हा माझा स्वभावच झाला होता. पण त्या चार महिन्यांतल्या माझ्या तासांचा हिशेब मी एकदाही मांडला नाही. पुढे २०१९ साली देशभर वेळ-वापर सर्वेक्षण झाले, तेव्हा तो हिशेब दुसऱ्याच कोणीतरी मांडला. घरच्यांसाठी मोबदल्याविना घरकाम करणाऱ्या स्त्रीचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, आणि असे काम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटे. घरातल्या माणसांच्या देखभालीसाठी स्त्री १३४ मिनिटे देत होती, पुरुष ७६. या आकड्यांपेक्षाही मला दुसरे दोन आकडे अधिक बोलके वाटतात: दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या आणि पुरुष २६. म्हणजे चारपैकी जवळजवळ तीन पुरुषांचा त्या दिवशी या कामाशी संबंधच आला नव्हता.

यातलेच २९९ आणि ९७ हे आकडे पुढे जानेवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालपत्रात आले. रस्ता अपघातात नवरा-बायको दोघेही गेले होते, आणि गृहिणी असलेल्या त्या स्त्रीचे उत्पन्न किती धरायचे हाही त्यातला एक प्रश्न होता. घरकामाला आर्थिक मूल्य नाही ही समजूत चुकीची असून ती मागे टाकायला हवी, अशी भूमिका न्यायालयाने घेतली, आणि निकाल वाचून मला आनंद झाला. तरी हिशेबनीस म्हणून एक गोष्ट मनात राहिली. बाईच्या घरकामाची किंमत आपल्याकडे मांडली गेली ती नुकसानभरपाईच्या दाव्यात, बाई गेल्यानंतर.

चार महिन्यांनी रजा संपली आणि आम्ही एका ब्युरोकडून बाई ठेवली. सकाळी आठ ते रात्री आठ, बारा तासांची ड्युटी. मी ब्युरोला महिन्याला १८,००० रुपये देत असे. बाईंच्या हातात त्यातले १३,००० पडत, हे मला सहा महिन्यांनी समजले. १३,००० भागिले ३० दिवस, भागिले १२ तास, म्हणजे तासाला ३६ रुपये. मी नोकरीवर परतले, आणि मैत्रिणींना अभिमानाने सांगू लागले की माझ्या पतींनी मला नोकरी सोडू दिली नाही, आमच्या घरी दोघांनाही सारखे मानतात. ते खोटे नव्हते. फक्त आम्हा दोघांच्या त्या सारखेपणाची किंमत तिसऱ्याच एका स्त्रीने तासाला ३६ रुपयांवर मोजली होती.

त्या काय काम करीत, हे नीट सांगायला हवे, कारण "पेशंटजवळ बसायचं, दुसरं काय" असे म्हणणारी माणसे मी खूप ऐकली आहेत, आणि सुरुवातीला मीही मनातून तेच मानत होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. एकट्या बाईला साठ किलोंचे निश्चल शरीर वळवायचे तर ताकदीपेक्षा रीत लागते: आधी गुडघा दुमडायचा, मग खांद्याखाली हात घालून चादरीसकट आपल्याकडे ओढायचे, पाठीशी उशी लावायची, आणि लुळा हात अंगाखाली अडकला नाही ना ते पाहायचे. सासूबाईंना पातळ पदार्थ गिळताना ठसका लागे, म्हणून वरणाचे पाणीसुद्धा ठरावीक दाट करून, मान किंचित पुढे झुकवून, चमचा डाव्या गालाच्या बाजूने घालावा लागे, आणि प्रत्येक घोटानंतर गळा हललेला पाहूनच पुढचा चमचा द्यावा लागे. एका वेळच्या जेवणाला पन्नास मिनिटे जात. माकडहाडावर लालसर डाग आला आणि दाबल्यावर तो पांढरा होत नाही, हे प्रथम त्यांनी पाहिले. लघवीच्या वासावरून संसर्गाची शंका दोनदा त्यांनीच आधी बोलून दाखवली, आणि दोन्ही वेळा तपासणीत ती खरी ठरली. साडेतीन वर्षांत सासूबाईंच्या पाठीवर एकही जखम झाली नाही. घरी तपासायला येणारे डॉक्टर दर वेळी माझे कौतुक करीत: "फार छान ठेवलंय तुम्ही." मी ते कौतुक घेत असे.

आम्ही त्यांना "मावशी" म्हणत असू. त्या माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होत्या. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्याकडे या कामाला येणारी प्रत्येक स्त्री आल्या दिवसापासून मावशी होते, आणि आपल्याला वाटते की आपण तिला मान दिला. शब्द आपुलकीचाच आहे, आणि त्यांनाही तो नकोसा नव्हता. पण मावशीला कोणी कामाचे तास विचारत नाही. मावशीने रात्री आठऐवजी नऊ वाजेपर्यंत थांबायचे, कारण घरचेच तर आहे. मावशीने पगारवाढ मागितली की आपल्याला दुखावल्यासारखे वाटते, आणि मावशी दोन दिवस आली नाही की मात्र तिचा खाडा धरला जातो. नाते आपण एका बाजूनेच लावतो.

हा शब्दांचा खेळ आपल्या घरापुरता नाही, तो सरकारी कागदांवरही आहे. अंगणवाडीत मुलांना सांभाळणारी, वजन घेणारी, गरोदर बायांच्या घरी जाणारी स्त्री ही "सेविका", आणि तिला मिळते ते "मानधन". गावातल्या बाळंतपणांपासून लसीकरणापर्यंत सगळ्याचा पाठपुरावा करणारी आशा ही "स्वयंसेविका", आणि तिला मिळतो कामागणिक ठरलेला "मोबदला". वेतन हा शब्द कटाक्षाने टाळलेला, कारण वेतन म्हटले की कामगार आला, आणि कामगार आला की हक्क आले. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ साली सुरू झाली. तिथे काम करणाऱ्या स्त्रियांना ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२मध्ये, गुजरातमधल्या सेविका आणि मदतनिसांच्या प्रकरणात, स्पष्ट केले. मानधन म्हणून जे दिले जाते ते त्या कायद्यापुरते वेतनच आहे, असे न्यायालयाने म्हटले. एवढे म्हणायला ४७ वर्षे लागली. त्याच्या पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत महाराष्ट्रातल्या आशांना आपल्या मोबदल्यासाठी संप करावा लागला, आझाद मैदानावर दिवसचे दिवस बसावे लागले, तेव्हा कुठे मार्च २०२४मध्ये राज्य सरकारने दरमहा ५,००० रुपयांची वाढ दिली.

"सेवा" या शब्दाशी माझे भांडण नाही. सासूबाईंची सेवा माझ्या पतींनीही केली असती तर मला तो शब्द गोड लागला असता. पण आपल्याकडे सेवा हा स्त्रीचा स्वभावधर्म मानला जातो, आणि जे स्वभावातून येते त्याला कौशल्य कोण म्हणणार, आणि कौशल्य नाही तर दाम कशाचा? मी बिनपगारी रजेवर गेले आणि त्या ३६ रुपये तासावर आल्या, त्यामागे ही एकच समजूत होती. माझ्या वाट्याला तिची किंमत शून्य आली, त्यांच्या वाट्याला जवळपास शून्य.

मार्च २०१९मध्ये त्यांच्या मोठ्या मुलीला डेंग्यू झाला. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. त्या पाच दिवस आल्या नाहीत. मागच्या पानावर माझ्याच अक्षरात पाच फुल्या आहेत आणि शेजारी वजा केलेली रक्कम. त्याच पाच दिवसांत मी सासूबाईंसाठी रजा घेतली. माझ्या खात्यावर पगारी रजा शिल्लक होत्या, त्यामुळे माझा एक पैसाही कापला गेला नाही. तेव्हा मला यात काही वावगे दिसले नाही. पुढे एकदा बोलता बोलता कळले की ती तेरा वर्षांची मुलगी सकाळी साडेसहाला उठून भाऊ आणि म्हातारी आजी यांचा स्वयंपाक करते, आजीला न्हाणीत नेते, आणि त्यापायी तिचे शाळेचे पहिले दोन तास बहुतेक वेळा बुडतात. माझ्या घरातली देखभाल त्यांच्याकडे गेली होती आणि त्यांच्या घरातली त्यांच्या मुलीकडे. त्यांच्या घरीही एक पुरुष होता, माझ्याही घरी होता. काम मात्र एका स्त्रीकडून दुसरीकडे आणि दुसरीकडून तिच्या मुलीकडे उतरत गेले. वाटेतल्या पुरुषांना ते शिवलेच नाही.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा त्या बावन्न दिवस आमच्याकडेच राहिल्या. त्या वेळी दुसरा मार्ग दिसत नव्हता, असे मी स्वतःला सांगत असे. बारा तासांचे चोवीस झाले, आणि मुलांशी बोलणे फोनवर. त्या बावन्न दिवसांसाठी मी त्यांना दुप्पट पगार दिला, पण दुपटीने ते भागले असे मला आज वाटत नाही.

त्याच दिवसांत रात्री त्या माझ्याशी बोलू लागल्या. आमच्याकडे येण्यापूर्वी एका घरी वृद्ध पुरुष रुग्ण होता. त्याच्या मुलाने त्यांना त्रास दिला. त्यांनी ब्युरोला सांगितले, तेव्हा ब्युरोने त्यांचे घर बदलले आणि त्या घरी दुसरी बाई पाठवली. नवे घर मिळेपर्यंतचे अकरा दिवस त्यांना काहीच मिळाले नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात घर हेसुद्धा कामाचे ठिकाण धरले आहे आणि घरात काम करणाऱ्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "ताई, तक्रार केली तर उद्या मला घर कोण देईल?" माझ्याकडे उत्तर नव्हते. चार भिंतींच्या आत, एकटीने, साक्षीदाराविना केल्या जाणाऱ्या कामात कायदा दारापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो.

घरच कशाला, भर वस्तीतल्या मोठ्या रुग्णालयातही तो किती आत पोहोचला होता? मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. गुन्हा सिद्ध झाला तो जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाचा. लैंगिक अत्याचाराचा आरोप लावलाच गेला नाही, आणि सात वर्षांची शिक्षा भोगून तो माणूस सुटला. अरुणाताई मात्र १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे साडेएकेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयात पडून होत्या. हल्ल्यानंतर परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला होता, आणि पुढे त्यांच्याच पिढ्यांमागून पिढ्यांनी अरुणाताईंना सांभाळले. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवर मार्च २०११मध्ये दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेचा मोठ्या आदराने उल्लेख केला. तो आदर योग्यच होता. पण मी पाठ वळवण्याच्या, डाग शोधण्याच्या, एकेक घास भरवण्याच्या कामाजवळ साडेतीन वर्षे राहिले आहे, आणि म्हणून मला त्या कथेत त्यागापेक्षा काम दिसते: रोजचे, पाळीपाळीने चाललेले, नव्या मुलीला जुनीने शिकवलेले काम.

हक्क मागण्याची वाट आमच्याच शहरात यापूर्वी पाडली गेली आहे, हे मला पुण्यात तीस वर्षे राहूनही ठाऊक नव्हते. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला. पगारवाढ, महिन्याला हक्काच्या सुट्ट्या, दिवाळीला बोनस, अशा त्यांच्या मागण्या होत्या, आणि त्या संपातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आज पुण्यातल्या घरांत दिवाळीला एक पगार बोनस देण्याची जी रीत आहे, तिला आपण आपले औदार्य समजतो. तिच्यामागे त्या बायांचे रस्त्यावर येणे आहे. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ साली, आणि त्यातही भर कल्याणावर आहे. पगाराचा दर आणि कामाचे तास तो ठरवून देत नाही. घरकामगारांविषयीच्या २०११च्या आंतरराष्ट्रीय करारात आठवड्यातून सलग २४ तास विश्रांतीचा हक्क लिहिलेला आहे, पण भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास केंद्राला समिती नेमायला सांगितले.

टाळेबंदी उठल्यावर मी ब्युरोशी असलेला करार संपवला, आणि आम्ही दोघींनी बसून एका कागदावर अटी लिहिल्या: १८,००० रुपये थेट त्यांच्या खात्यावर, दरवर्षी वाढ, महिन्याला दोन पगारी रजा, दिवाळीला एक पगार, आणि रविवारी सुट्टी. शेवटची अट लिहिताना पेन थांबले. रविवारी सासूबाईंचे कोण करणार? माझ्या तोंडून पुन्हा "मी" येणार होते, आणि याच वेळी माझे पती म्हणाले, "मला शिकवा."

त्यांना शिकायला सहा रविवार लागले. शिकवले बाईंनीच, पगारी रविवार घेऊन. मुलाने आईचे डायपर बदलायचे, ही गोष्ट घरात कोणाला सहज पचली नाही. दीर म्हणाले की आईला लाज वाटेल. सासूबाईंना बोलता येत नव्हते, पण पहिल्या दिवशी त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि तिसऱ्या-चौथ्या रविवारनंतर मिटायचे सोडले. पतींचा हात सुरुवातीला जड पडे, चमचा घाईने पुढे जाई, ठसका लागे. हळूहळू पन्नास मिनिटांचे जेवण त्यांनाही जमू लागले. वहीच्या पुढच्या पानांवर तिथून रविवारी त्यांचे अक्षर दिसते. बाईंना सुट्टी मिळाली ती माझ्या चांगुलपणामुळे नव्हे, आमच्या घरातल्या एका पुरुषाने ते काम हाती घेतले म्हणून, हे मला इथे स्पष्ट लिहून ठेवायचे आहे. तो हात पुढे आला नसता, तर एकतर त्यांचा रविवार गेला असता नाहीतर माझा.

सासूबाई फेब्रुवारी २०२२मध्ये गेल्या. तेरावे झाल्यावर बाई हिशेबासाठी आल्या. ग्रॅच्युइटी नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, अनुभवाचा दाखला नाही. तीन वर्षांहून अधिक काळ केलेल्या कामाचा त्यांच्याजवळ काहीही पुरावा नव्हता. मी दोन महिन्यांचा पगार दिला, आणि त्यांना काय काय येते ते एका पत्रात लिहून दिले: पक्षाघाताच्या रुग्णाला वळवणे, गिळण्याचा त्रास असताना भरवणे, शय्याव्रणाची पहिली खूण ओळखणे, लघवीच्या नळीची स्वच्छता. मला पत्र चांगले झाले असे वाटले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "ताई, पगार लिहा. आणि रविवार लिहा. नाहीतर पुढचं घर परत तेरापासून सुरू करतं."

मी पत्राच्या शेवटी ते लिहिले: शेवटचा पगार २१,००० रुपये, बारा तास, रविवारी पगारी सुट्टी. खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या.

त्यांच्या मुलीला त्या वर्षी दहावीची परीक्षा द्यायची होती, ती तिने दिली आणि पासही झाली. त्या आता शहराच्या दुसऱ्या टोकाला एका घरी दिवसपाळीला जातात. अधूनमधून फोन होतो. पत्र दाखवल्यावर तिथल्या लोकांनी पगार मान्य केला, असे त्यांनी सांगितले. रविवारचा मात्र खाडा धरतात.